गाळे बांधणारे आम्ही, शाळा बांधायला गेलो तेव्हा

आमची फर्म बेळगावात बरीच वर्षं कमर्शियल कामं करते. दुकानगाळे, गोडाऊन, मंगल कार्यालय, उद्यमबागेत शेड, असलं सगळं. माझे मिस्टर क्लायंट बघतात, भावजी साईटवर असतात, आणि कागद, बिलं, जीएसटी, पंचायत-कचेरी हे माझ्या गळ्यात. शाळा कधी केली नव्हती. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मराठी माध्यमाचं अनुदानित हायस्कूल आहे, त्यांची आठ खोल्यांची, तळमजला अधिक एक अशी इमारत आम्ही घेतली आणि जानेवारी 2026 मधे ताब्यात दिली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तेव्हापासून ओळखीतले दोन-तीन कॉन्ट्रॅक्टर आणि एका संस्थेचे चेअरमन सारखे फोन करून तेच तेच विचारालेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं सलग लिहूनच टाकावं. कामात अवघड काय होतं म्हणाल तर बांधकाम नव्हे. शाळेचं कॅलेंडर, पावसाचं कॅलेंडर आणि पैशाचं कॅलेंडर ही तीन कधीच एका रेषेत येत नाहीत, सगळी कसरत तिथं आहे.

डिसेंबर 2024 च्या सुरुवातीला संस्थेचे सेक्रेटरी सर आणि कमिटीतले चारपाच जण ऑफिसला आले. जुन्या खोल्या चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं, वासे वाळवीनं खाल्लेले, पावसाळ्यात दोन वर्गांत बादल्या ठेवून शिकवायचे. साधारण 6,200 चौरस फूट काम. आम्ही फुटाला 1,850 सांगितलं तसे एक काका म्हणाले, "गावातल्या गाळ्यांना 1,600 नं केलासा की ओ, शाळेला जास्त का? पुण्याचं काम आहे हे." प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर आधीच तयार ठेवलेलं बरं, कारण हे सगळीकडं विचारतात. घराच्या स्लॅबला चौरस मीटरला 2 किलोन्यूटन वजन धरतात, वर्गखोलीला 3 धरावं लागतं आणि व्हरांड्याला, जिन्याला 4, कारण बेल झाली की सगळी पोरं एकदम तिथंच येतात. वर बेळगाव भूकंपाच्या झोन 3 मधे, आणि शाळेला भूकंपाचं बळ दीडपट धरून डिझाईन करायचं असा नियम आहे. म्हणजे सळी वाढली, कॉलम जाड झाले, रिंगांचे हूक 135 अंशात आत वळवायचे, त्याला बारबेंडरची मजुरी वाढली. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनी हे कमिटीला कागदावर काढून दाखवलं तेव्हा काका गप्प बसले नाहीत, पण 1,850 वर आले.

दुसरा झटका जीएसटीचा. "शाळेला जीएसटी माफ असतंय की." शिक्षणाच्या सेवेला माफ आहे, फीवर लागत नाही, पण बांधकामाला 18 टक्के लागतातच आणि संस्थेला ते कुठूनही परत मिळत नाहीत. 1 कोटी 15 लाखाच्या आसपासच्या कामावर वीस लाखाच्या वर जीएसटी, एवढ्यात जवळजवळ दीड खोली झाली असती. मी सगळ्यांना सांगते, कोटेशनच्या पहिल्याच पानावर टॅक्ससकट आकडा मोठ्या अक्षरात लिहा, खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असं लिहून शाळेवाल्यांना फसल्यासारखं वाटू देऊ नका, कारण त्यांनी देणगीची यादी त्या पहिल्या आकड्यावर केलेली असते.

मग कागद. पंचायतीचं बांधकाम लायसन काढायला ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या ऑनलाईन मालमत्ता नोंदीचा) नमुना 9 आणि 11 लागतो, आणि तो संस्थेच्या नावावर पाहिजे. इथं संस्था जुनी, नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली (बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यातच होतं), आणि जागा गावातल्या एका घराण्यानं त्याच काळात बक्षीस दिलेली. बक्षीसपत्र होतं, पिवळं पडलेलं पण होतं. पंचायतीच्या दप्तरात मात्र नाव अजून मूळ मालकांच्या आजोबांचंच. सत्तर वर्षं कुणाला अडलं नव्हतं ते आत्ता अडलं. शिवाय जुन्या सर्टिफिकेटवर संस्थेचं नाव एका तऱ्हेनं, पॅनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेनं आणि कन्नड लेटरवर तिसऱ्या. सगळे अर्ज कन्नडमधून द्यायचे. मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो, म्हणून कचेरीजवळच्या डीटीपीवाल्याकडं प्रत्येक अर्ज टाईप करून घ्यायची आणि शेजारी मराठी मसुदा पिन लावून ठेवायची, म्हणजे सेक्रेटरी सर सही कशावर करतात ते त्यांनाही कळावं. टीप म्हणाल तर पहिल्याच दिवशी संस्थेचं नाव कन्नडमधे कसं लिहायचं ते ठरवून ठरावाच्या वहीत लिहून घ्या आणि नंतर तसंच्या तसं सगळीकडं वापरा.

त्यात डिसेंबर. सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बेळगावातला अर्धा सरकारी स्टाफ तिकडंच ड्युटीला. "साहेब अधिवेशनाला गेलेत, नाळे बर्री", म्हणजे उद्या या. ते संपलं तोवर 26 डिसेंबरला मनमोहन सिंग गेले, दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर झाली, मग नवीन वर्ष. खरी हालचाल सुरू झाली ती संक्रांतीनंतर. मोजणीचा नकाशा, म्हणजे मोजिणीचा स्केच, त्याला सर्वेअरची वाट बघणं हा सगळ्यात लांब टप्पा, बाकी बोजाचा दाखला कावेरी पोर्टलवर ऑनलाईन निघतो, त्याला त्रास नाही. मूळ मालकांची नातवंडं पुण्याला आणि गोव्याला, त्यांनी ना हरकत लिहून दिली, आणि खरं सांगते तिथं आमचं नशीब चांगलं, एकजण जरी 'आमच्या हिश्श्याचं काय' म्हणाला असता तर हे सगळं इथंच थांबलं असतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात 9-11 हातात आला. त्यानंतर लायसन लवकर झालं, त्यावेळी बांधकाम कामगारांचा 1 टक्का सेस भरावा लागतो, तो कोटेशनमधे धरायला विसरू नका, आमच्या कामाला लाखाच्या वर गेला.

पैशाकडं येते. संस्थेकडं एकरकमी पैसे नसतात, कमर्शियल क्लायंटसारखं बँक लोन नसतं. देणग्या. माजी विद्यार्थी पुण्यात, गोव्यात, आणि आपल्या भागात फौजेतले तर खूपच, मराठा रेजिमेंटमधली सगळी पोरं मिळून एका खोलीचे पैसे देणार होती. एका कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे त्यांच्या समाजकामाच्या निधीतून, सळीचे पैसे कबूल केले. सीएसआर घ्यायला संस्थेचं सीएसआर-1 रजिस्ट्रेशन लागतं, शिवाय 12ए आणि 80जी (ही इन्कमटॅक्सची रजिस्ट्रेशनं). हे त्यांच्याकडं होतं, नशीब. पण कंपनीची अट, 31 मार्चच्या आतलं बिल पाहिजे. आणि आम्हाला साईट मिळणार 11 एप्रिलला! शेवटी सीएंना विचारून तोडगा असा निघाला की सळी संस्थेनंच स्वतःच्या नावानं विकत घ्यायची आणि आमच्या कामातून तेवढी रक्कम वजा करायची. मार्चअखेरीला सळी शाळेच्या पटांगणात येऊन पडली, खाली जुने वासे आणि वर ताडपत्री घालून, टोकांना पोत्याच्या गुंडाळ्या बांधून, कारण पोरं तिथंच खेळायची. ज्यांना सीएसआरचे पैसे घ्यायचेत त्यांनी मालाचं बिल आणि मजुरीचं बिल वेगळं ठेवता येईल असाच करार करावा. आमच्या एकाच इमारतीची मी शेवटी देणगीदारांप्रमाणे वेगवेगळी बिलं केली, खोली नंबर टाकून, मधली भिंत कुणाच्या खोलीत धरायची इथपर्यंत. आणखी एक, संस्थेकडं टॅन (टीडीएस भरायला लागणारा नंबर) नव्हता, शाळेकडं पगारासाठी होता पण तो वेगळा. आमच्या बिलातून 2 टक्के टीडीएस कापायचा तर संस्थेचा टॅन पाहिजे. हे पहिल्या बिलाच्या आधी करून घ्या.

21 मार्च ते 4 एप्रिल एसएसएलसीची, म्हणजे दहावीची परीक्षा, शाळा केंद्र होती, तोवर कुदळसुद्धा मारायची नाही. 11 एप्रिल 2025 ला सुट्टी लागली आणि त्याच दिवशी कौलं उतरवायला सुरुवात केली. कौलं, रिपा, वासे, दारं-चौकटी यांचा कमिटीनं तिथंच लिलाव केला. भावजींच्या मते चिरे फोडून सोलिंगला वापरावेत, गावकऱ्यांच्या मते कंपाउंडला. कंपाउंडला गेले. चांगलं झालं, चिरा फोडायचा दगड नाहीच तो. जेसीबी आला तेव्हा गावातली म्हातारी माणसं बघायला येऊन बसली, कोण कुठल्या वर्गात मार खाल्ला ते सांगत. मला थोडं जड वाटलं, खोटं कशाला सांगू.

आमचा हिशोब असा होता की 28 मे पर्यंत सुट्टी, तेवढ्यात फौंडेशन, जोतं, कॉलम, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागायच्या आत खालचा स्लॅब. जोत्यापर्यंत सगळं वेळेत झालं. पण 2025 चा मे आठवत असेलच सगळ्यांना. वळवाचा पाऊस थांबायलाच तयार नाही, आणि 24 मेला मान्सून केरळात, पाठोपाठ दोन दिवसांत आपल्याकडं. सेंट्रिंग लावलेलं, सळी बांधायची राहिलेली, आणि वरून धो धो. खानापूरकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. 29 मेला शाळा भरली आणि स्लॅब नाही. आठवी-नववी देवळाच्या सभामंडपात, दहावी लॅबमधे, पाचवी ते सातवी शेडमधे असं ठरलं आणि तसंच बरेच महिने चाललं. त्या दिवसात मुख्याध्यापिका बाईंनी एकदाही आवाज चढवला नाही, पण रोज सकाळी फोन, "मॅडम, आज काय करालेत?" तो फोन घेताना पोटात गोळा यायचा.

स्लॅब जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एका उघडिपीत घातला, ताडपत्र्यांचा मांडव करून. पावसात स्लॅब घालायला भावजी पहिल्यांदा नकोच म्हणत होते. वाळू-खडी भिजलेली असली की पाण्याचं प्रमाण बदलतं, गवंडी डोळ्यानं पाणी घालतो आणि काँक्रीट पातळ होतं. म्हणून त्या दिवशी इंजिनिअर स्वतः मिक्सरजवळ उभे राहिले आणि क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे) नेहमीपेक्षा जास्त भरले. 28 दिवसांचे रिझल्ट आल्यावरच पुढचं बिल घातलं आणि रिपोर्टची कॉपी कमिटीला दिली, त्यांनी मागितली नव्हती तरी. शाळेच्या कामात ही एक सवय लावून घ्या. गाळ्याच्या मालकाला क्यूब रिपोर्ट नको असतो, शाळेच्या कमिटीत मात्र प्रत्येकाचा एक पाव्हणा इंजिनिअर असतो.

जुलैत रोप लावणीला माणसं गेली, मग पावसाच्या सुट्ट्या. तहसीलदार ऑफिसातून सुट्टी जाहीर झाली की पोरं घरी आणि साईट मोकळी, पण पावसात आम्ही तरी काय करणार. पंचमी झाली, 27 ऑगस्टला गणपती बसले आणि 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होईतोवर एक गवंडी फिरकला नाही. हे धरूनच चालायचं आपल्या भागात, शेड्यूलमधे ते दिवस लिहायचेच नाहीत.

चालू शाळेत काम करायचं म्हणजे काय हे मात्र आम्हाला तिथंच कळालं. सगळ्यात आधी पत्रे. पूर्ण साईट जीआय पत्र्यानं सहा फूट बंद, एकच गेट, आणि त्या गेटवर दिवसभर एक माणूस, तो पगार कोटेशनमधे आधीच घाला. खडी-वाळूचे टिप्पर सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर, मधल्या वेळेत ड्रायव्हर कितीही ओरडला तरी रस्त्यावर थांबायचं. रिव्हर्स घेताना पुढं माणूस. क्युरिंगचं पाणी साठवलेला हौद लोखंडी जाळीनं झाकून कुलूप. लाईटीची वायर जमिनीवरून न्यायची नाही, पोलवरून. कामगारांचं शौचालय वेगळं, मुलींच्या शौचालयाच्या बाजूला कामगारानं जायचंच नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना कन्नड, हिंदी, मराठी तिन्हीत सांगितलं. आधारची कॉपी घेऊन प्रत्येकाचं नाव शाळेत दिलं. बिडी, तंबाखू, गुटखा गेटच्या बाहेर. यावरून दोन माणसं सोडून गेली, जाऊ दे म्हटलं.

आणि आवाज. ग्राइंडर, ब्रेकर हे तासाला चालत नाहीत, गणिताच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात येऊन सांगितलं, "ओ इंजिनिअर, मी काय ओरडून ओरडून वर्गमूळ शिकवू काय?" मग वेळापत्रकच मागून घेतलं आणि ऑफिसच्या भिंतीला लावलं. पीटीचा तास, मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यावर आवाजाची कामं. प्रार्थनेला आणि राष्ट्रगीताला मिक्सर बंद. यात रोजचे दोन-अडीच तास जातात. गाळ्याच्या कामाच्या हिशोबानं मजुरीचा रेट घेतलात तर इथं मार खाल, ही खरी टीप.

सप्टेंबरच्या मध्याला वरचा स्लॅब झाला. 22 सप्टेंबरपासून सिमेंटवरचा जीएसटी 28 चा 18 झाला. पेपरात बातमी आली त्याच संध्याकाळी काकांचा फोन, रेट कमी करा. स्लॅब तर जुन्या रेटच्या सिमेंटनं झालेला. बॅगेमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक पडत होता, तो उरलेल्या प्लास्टर आणि फरशीच्या बॅगांवर आम्ही वजा करून दिला, हिशोब लिहून. रक्कम तशी फार नव्हती, पण त्यानंतर कमिटीनं बिलावर वाद घातला नाही.

दसऱ्याची सुट्टी 20 सप्टेंबर ते 7 ऑक्टोबर होती. त्यात सरकारचा जातीनिहाय सर्वे निघाला, सगळे शिक्षक त्या कामाला, आणि सरकारी-अनुदानित शाळांची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवली. पाठोपाठ दिवाळी. शिक्षकांचे हाल झाले, घरोघरी फिरून मोबाईलवर ॲप चालेना, पण आम्हाला मात्र मोकळी साईट मिळाली आणि प्लास्टर, फरशी, खिडक्या सगळं त्यात उरकलं. जून-जुलैत गेलेलं तिथं भरून निघालं.

जिना आणि रॅम्प यांच्याबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे. गाळ्यांच्या वरच्या मजल्याला आम्ही साडेतीन-चार फुटाचा जिना काढतो आणि पायरी सात इंचाची. शाळेला दीड मीटर रुंदी, पायरीची उंची 15 सेंटीमीटरच्या आत, पाय ठेवायची जागा 30. 3.3 मीटर मजल्याला बावीस पायऱ्या झाल्या, जागा खूप गेली. व्हरांड्याच्या रेलिंगला आडव्या पट्ट्या घालायच्या नाहीत, पोरं शिडी समजून चढतात, उभे बारच, आणि डोकं अडकणार नाही इतके जवळ. दारं बाहेर उघडणारी. रॅम्पला उतार एकास बारा, म्हणजे जोतं दोन फूट तर रॅम्प चोवीस फूट लांब. कमिटी म्हणाली एवढा कशाला, आपल्या शाळेत असा कोण मुलगा नाही. बाई पहिल्यांदाच मीटिंगमधे बोलल्या, "नाही कारण त्याला यायला जागा नव्हती." रॅम्प झाला.

बोर्डावरून थोडी चर्चा झाली. 2024 च्या कायद्यानं फलकावर 60 टक्के कन्नड हवं, तसा पेंटरला आधीच सांगून मोठा बोर्ड करून घेतला, वर कन्नड, खाली मराठी, दोन्ही वाचता येतील असे. देणगीदारांच्या नावांची पाटी मात्र अजून तयार व्हायचीय, कुणाचं नाव वर यावर एकमत नाही. त्यात आम्ही पडत नाही.

शेवटचा टप्पा सर्टिफिकेटांचा. मान्यता नूतनीकरणाला पीडब्ल्यूडीचा इमारत सुरक्षिततेचा दाखला आणि फायरचा दाखला लागतो. सेक्रेटरी सरांना फायरचं फारच जास्त वाटत होतं, गावात कुठं आग लागते म्हणून. 2004 ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागून 94 मुलं गेली, त्यावरून 2009 ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या शाळांना हे बंधनकारक केलं, एवढं सांगितल्यावर त्यांनी आग विझवायचा सिलिंडर प्रत्येक मजल्यावर एक जास्तच घ्यायला लावला. अर्ज नोव्हेंबरात दिला. मग परत डिसेंबर, परत अधिवेशन, परत नाळे बर्री. यावेळी माहीत होतं म्हणून फाईल आधीच पूर्ण ठेवली होती: क्यूब रिपोर्ट, सळीचे टेस्ट सर्टिफिकेट, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्टॅबिलिटी लेटर, फोटो तारखेसकट. इन्स्पेक्शनला साहेब आले ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, अर्ध्या तासात बघून गेले, गच्चीवर पाणी तुंबवून ठेवलं होतं ते बघून खूश झाले. दाखला आठवड्यात मिळाला. 26 जानेवारीला झेंडावंदन नव्या इमारतीसमोर झालं, चाव्या त्याच दिवशी दिल्या.

नफा विचाराल तर गाळ्यांच्या कामात जेवढा सुटतो त्याच्या निम्मा सुटला, तोही शेवटच्या सुट्टीनं वाचवला म्हणून. परत शाळा घेऊ का? घेऊ, पण कागद मार्चच्या नव्हे, आधीच्या ऑक्टोबरच्या आत पूर्ण असतील तरच, म्हणजे फौंडेशन दिवाळीनंतर काढून एप्रिलच्या सुट्टीत डायरेक्ट स्लॅब घालता येईल.

रिटेन्शनचे (कामात काही निघालं तर म्हणून बिलातून अडवून ठेवायचे) 5 टक्के ठेवलेत, त्यातले निम्मे चाव्या देताना मिळाले. उरलेल्यांसाठी संस्थेला करारात 'सहा महिने' लिहायचं होतं. मी 'हस्तांतरानंतरचा एक पूर्ण पावसाळा' असं घालायला लावलं, नाहीतर सहा महिने नेमके जुलैत भरतात आणि पावसाच्या मधेच चेकवरून भांडण. आमच्याकडं गळती काय ती जुलैतच कळते, असली तर आम्ही करून देऊ, आणि चेक ऑक्टोबरला.